शेवटचं काय दिलं?

कंपाउंडर आल्या आल्या कॉम्प्युटरला कधी हात लावत नसत. आधी मोरी कुठं आहे ते विचारत, साबण मागत, कोपरापर्यंत हात धूत आणि ते वाळेपर्यंत दोन्ही हात पुढं धरून नुसते उभे राहत. आमच्या शहापूरच्या ऑफिसात मोरी नव्हती, मागच्या दारी पाण्याचं पिंप होतं. तिथून हात धुऊन येताना ते उंबऱ्यावर पाय आपटून चिखल झाडायचे. तोवर आम्ही बंद पडलेल्या मशीनभोवती तोंडं पाडून उभ्या. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला हसू आवरेना. हे काय बाळंतपण करायला आलेत की काय, असं मी शेजारणीच्या कानात म्हटलं होतं.

तसं म्हटलं तर ते त्याच घरातले. मुरबाडच्या एका जुन्या डॉक्टरांकडे त्यांनी वीसेक वर्षं कंपाउंडर म्हणून काढली. डॉक्टरांच्या मुलानं पुण्याहून वडिलांसाठी कॉम्प्युटर पाठवला. डॉक्टरांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पण कंपाउंडर डिक्शनरी मांडीवर घेऊन त्याचं जाडजूड पुस्तक पानापानानं वाचत बसले. डॉक्टर गेले, दवाखाना बंद झाला, मुलानं मशीन कंपाउंडरांनाच देऊन टाकलं. मग त्यांनी एस.टी. स्टँडमागं एक गाळा घेतला आणि दोन हजार सालाच्या आसपास मुरबाड, शहापूर, किन्हवली, खर्डी अशा सगळ्या पट्ट्यातले आजारी कॉम्प्युटर त्यांच्याकडे यायला लागले. धंदा बदलला, माणूस काही बदलला नाही. पाटीवर नाव नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. सगळ्या तालुक्याला ते कंपाउंडरच.

दवाखान्यातले उरलेले केसपेपर त्यांनी घरी आणले होते. प्रत्येक मशीनला एक केसपेपर. नाव, वय, गाव, तक्रार, आणि मग डॉक्टरांनी मुद्दाम छापून घेतलेला एक रकाना : 'शेवटचं काय दिलं?' आजाऱ्याला इथं आणण्याआधी घरच्यांनी, भगतानं, बाजारातल्या सुईवाल्यानं काय काय दिलं ते त्यात लिहायचं. कंपाउंडर तोच प्रश्न मशीनच्या मालकाला विचारत. "याला शेवटचं काय दिलं?" म्हणजे बंद पडायच्या आधी यात काय घातलंत. माणूस म्हणायचा, काही नाही हो, आपोआप बंद पडलं. कंपाउंडर मान हलवायचे, मशीनकडे वळायचे, थोड्या वेळानं पुन्हा विचारायचे. मग आणखी थोड्या वेळानं तिसऱ्यांदा.

"पयल्यांदा मानूस इज्जत राखतो," ते म्हणायचे. "दुसऱ्यांदा आठवतो. तिसऱ्यांदा सांगतो."

उत्तर पटलं तर ते पेनानं लिहायचे, नाही पटलं तर पेन्सिलीनं. हीसुद्धा डॉक्टरांचीच शिस्त. मुरबाडच्या एका फोटो स्टुडिओवाल्यानं शपथेवर सांगितलं होतं की मशीनमध्ये भक्तिगीतांपलीकडे काही घातलं नाही. कंपाउंडरांनी ते निमूटपणे पेन्सिलीनं लिहून घेतलं, टाचणी घालून सीडीचा खण उघडला, आतली तबकडी बाहेर काढली, तिच्यावरचं चित्र पाहिलं आणि उलटी करून गल्ल्यावर ठेवली. मग खोडरबर काढून 'भक्तिगीतं' खोडलं आणि पेनानं काय ते लिहिलं. वर चेहऱ्यावरची माशीही हलू न देता म्हणाले, "देव पावला."

लोक सांगत की ते मशीनला स्टेथोस्कोप लावतात. हे खोटं. ते कान लावायचे. मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेतून आणलेली एक काळी घोंगडी त्यांच्या पिशवीत असायची. ती टेबलावर अंथरून त्यावर डबा आडवा ठेवायचे आणि डोळे मिटून आतली तबकडी फिरल्याचा आवाज ऐकायचे. मग बटण दाबलं की नखानं एफ-आठच्या बटणावर टकटक, टकटक, इंजेक्शनची काचेची कुपी फोडण्याआधी टिचकी मारतात तशी. पडद्यावर काळी पाटी यायची, तिच्यावर ओळी, त्यातली सेफ मोडची ओळ ते निवडायचे. जरा वेळानं मोठमोठ्या, भगभगीत चित्रांचा पडदा उघडायचा. चारी कोपऱ्यांत इंग्रजीत 'सेफ मोड' लिहिलेलं. आवाज नाही, प्रिंटर नाही, सीडी नाही, जिवापुरतं तेवढं चालू.

सेफ मोडला ते 'पेज' म्हणायचे. "पेजेवर ठेवलाय त्याला." आजारी माणसाचं आधी सगळं खाणं बंद करून पेजेवर ठेवायचं. पेज पचली, म्हणजे पोट शाबूत आहे, दुखणं नंतर दिलेल्या कशात तरी आहे. मग सगळ्यात शेवटी दिलेलं आधी काढायचं, त्याच्या आधीचं त्यानंतर. हीच त्यांची सगळी विद्या. ती मला त्यांनी दोनदा तरी समजावली असेल, आणि ती इतकी सोपी होती की मला तो माझा अपमान वाटायचा.

फॉर्मॅट करणाऱ्यांचा मात्र त्यांना भयंकर राग. तेव्हा कल्याणहून येणारे तरुण इंजिनीयर मशीन अडलं की सगळं पुसून नव्यानं भरून द्यायचे. अर्ध्या दिवसात काम खल्लास. "पेशंट मारून ताप उतरवत्यात," कंपाउंडर म्हणायचे. एवढं बोलताना त्यांचा आवाज चढायचा, एरवी नाही.

आमची संस्था लहान होती. शहापुरात दोन खोल्या, एक कॉम्प्युटर, आणि मुंबईहून येऊन इथंच राहिलेल्या एक ताई, त्या आमच्या प्रमुख. शहापूर आणि मुरबाडच्या आडबाजूच्या पाड्यांवर आमच्या कार्यकर्त्या महिन्यातून एकदा जायच्या, काट्याला फडक्याची झोळी अडकवून लहान मुलांची वजनं करायच्या आणि वहीत लिहून आणायच्या. ते टाइप करायचं काम माझं. मुलाचं नाव, आईचं नाव, पाडा, वजन, आणि शेवटी एक रकाना : 'आहे' किंवा 'गेलं'. बारसं व्हायच्या आधीच गेलेल्यांना नाव नसे. तिथं मी 'बाळ' लिहायचे. मी खर्डीजवळच्या शेतकरी घरातली, बी.ए. झालेली, टायपिंगच्या परीक्षा दिलेली, आणि ही माझी पहिली नोकरी. सुरुवातीला 'गेलं' लिहिताना बोट अडखळायचं. पुढं पुढं मी ते न बघता टाइप करू लागले. हे सांगायला मला आवडत नाही, पण तसंच होतं.

तीन वर्षांची यादी मशीनमध्ये झाली होती. वह्या माळ्यावर होत्या. त्यांना पावसाळ्यात वाळवी लागली तेव्हा ताई म्हणाल्या, "कॉम्प्युटरमध्ये आलंय ना सगळं? मग वाळवीला कशाला पोसायचं?" मीच त्या मागच्या दारी नेऊन जाळल्या. फ्लॉपीवर एक प्रत काढली होती, पण आमच्याकडच्या दमट हवेत त्या फ्लॉप्यांवर पांढरी बुरशी चढली होती. कपाट उघडून कुणी पाहिलं नव्हतं एवढंच.

त्या वर्षी दिवाळीनंतर वरचे एक साहेब आमचं म्हणणं ऐकायला यायचे होते. सरकारी कागदात एवढी मुलं गेल्याची नोंदच नव्हती. साहेब माणूस सरळ होता. त्यांनी ताईंना निरोप पाठवला होता : मला आकडे सांगू नका, नावं द्या. नावानिशी यादी दिलीत तर त्या पाड्यांना दर आठवड्याला दवाखान्याची गाडी सुरू करून देतो. ताईंनी तो निरोप आम्हाला वाचून दाखवला तेव्हा आमची सगळ्यात जुनी कार्यकर्ती खाली बसून रडली होती. गाडी आधीच आली असती तर यादीत तिच्या स्वतःच्या नातवाच्या नावापुढं शेवटच्या रकान्यात वेगळा शब्द लागला असता.

आणि साहेब यायच्या आठच दिवस आधी मी ते केलं.

मला वाशिंदचं एक स्थळ आलं होतं. मुलगा तिथल्या कारखान्यात कॉम्प्युटरवर बसायचा. मला तो आवडला होता, अगदी मनापासून. पण आमच्या भटजींनी पत्रिका पाहिल्या आणि म्हणाले, गुण पंधराच जुळतात, पोरगी देऊ नका. त्या मुलानं मला एक सीडी आणून दिली. तिच्यात पत्रिका जुळवायचा प्रोग्राम होता. म्हणाला, तूच बघ, भटजी चुकतो का नाही ते. ताई बाहेरगावी गेलेल्या दिवशी दुपारी मी ती ऑफिसच्या मशीनमध्ये घातली. छत्तीसपैकी सव्वीस गुण आले. मला इतका आनंद झाला की मी उभी राहिले, पुन्हा बसले. मग भीती वाटली. ऑफिसच्या मशीनमध्ये बाहेरचं काही घालायचं नाही असा ताईंचा कडक नियम, आणि मी चोरून माझं स्थळ जुळवत होते हे कळलं तर नोकरी गेली असती, गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मग मी त्या प्रोग्रामचा अख्खा फोल्डर उचलून कचऱ्यात टाकला आणि कचराही रिकामा केला. खूण पुसली असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू केलं, निळ्या आभाळात पांढऱ्या ढगांचं ते चित्र आलं आणि तिथंच थिजलं.

कंपाउंडर किन्हवलीमार्गे पहिल्या एस.टी.नं आले. हात धुतले. घोंगडी अंथरली. केसपेपर काढला.

"शेवटचं काय दिलं याला?"

ताई म्हणाल्या, "महिन्यापूर्वी मराठी टायपिंगचा नवा प्रोग्राम टाकलाय. बाकी काही नाही. हिलाच विचारा, हीच बसते."

"सांग गो बाय."

"काय नाय," मी म्हटलं.

त्यांनी टकटक करून मशीन पेजेवर घेतलं. चारी कोपऱ्यांत अक्षरं आली. म्हणजे पोट शाबूत होतं, यादी सुखरूप होती. कशामुळं अडलंय तेवढंच शोधायचं. ते बराच वेळ एकेक खिडकी उघडून बघत राहिले. मी पुसलेल्या गोष्टीचं नाव कुठंच दिसत नव्हतं. मला आता ठाऊक आहे की असा नुसता फोल्डर पुसायचा नसतो. सुरू होताना मशीन त्या प्रोग्रामला हाक मारत होतं, तो जागेवर नव्हता, आणि ते त्याची वाट बघत अडून राहत होतं. पण ही हाक कुणाला मारतंय, हे माझ्याशिवाय कोण सांगणार?

"बाय, काय गाणी-बिनी? खेळ? चुकून?"

"नाय कंपाउंडरकाका. काय नाय घातलं."

ताई फोन घ्यायला बाहेरच्या खोलीत गेल्या. कंपाउंडरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. माझ्याकडे पाहिलं मात्र नाही, स्वतःच्या हातांकडे पाहत बोलले.

"डागतर एक दिस कल्यानला गेलेले. धसईच्या वरच्या अंगाच्या पाड्यावरनं एक बाई आली, पोर खांद्यावर घेऊन, चालत. ताप नुसता भाजत व्हता. मी म्हटलं, डागतर येस्तोवर पोर राहायचं नाय. सुई मला येत व्हती, शंभरदा दिलेली. दिली. ती बाई कायतरी सांगाया बघत व्हती. मी म्हटलं, मागनं सांग, आधी पोराला धर." त्यांनी तळहात उलटे केले. "सकालीच बाजारात एकानं तीच सुई दिलेली त्याला. तेच सांगत व्हती ती. पोर माझ्या हातात गेलं. मी इचारलंच नव्हतं गो. रकाना कोरा."

त्यांनी केसपेपर पुन्हा समोर ओढला.

"तवापासनं मी तीनदा इचारतो," ते म्हणाले. "शेवटचं काय दिलं याला?"

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. खरंच आलं होतं. त्या माणसानं आपलं काळीज काढून माझ्यापुढं ठेवलं होतं आणि मला त्या क्षणी दिसत होतं ते वाशिंदच्या मुलाचं तोंड आणि माझ्या बापाचं. बाहेरून ताईंचा आवाज येत होता.

"काय नाय," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि लिहिलं. मी कागदाकडे पाहिलं नाही.

मग त्यांनी माझ्या शब्दावर विसंबून जे करायचं ते केलं. शेवटचं म्हणून जे कबूल झालं होतं, तो मराठी टायपिंगचा प्रोग्राम, त्यांनी काढला. मशीन पुन्हा सुरू केलं. पुन्हा ढग, पुन्हा थिजलं. पुन्हा पेजेवर घेतलं. तेवढ्यात ताई आत आल्या आणि म्हणाल्या, निदान यादी तरी दाखवा मला, माझा जीव थाऱ्यावर नाही. कंपाउंडरांनी यादी उघडली.

प्रोग्रामबरोबर त्याची मराठी अक्षरंही निघून गेली होती. नावांच्या जागी टिंबं, डोक्यावर शिंगं फुटलेली इंग्रजी अक्षरं, चौकोन, फुल्या. पानंच्या पानं तशीच. ताई किंचाळल्या. "हे काय केलंत तुम्ही? माझी मुलं कुठं आहेत?" त्या 'माझी मुलं' म्हणाल्या, यादी नाही म्हणाल्या.

"बाई, नावं जाग्यावर हायत. नुसती वाचता येत नायत. तो प्रोग्राम परत दिला की सगली दिसतील. आधी मला ही यादी फ्लॉपीवर घेऊ द्या, मंग मशीनचं काय व्हायचं ते होऊ दे."

कपाटातून फ्लॉप्या काढल्या. सगळ्यांवर पांढरी बुरशी. शहापुरात त्या एकाच दुकानात मिळायच्या, आणि त्या दिवशी ते दुकान बंद. कंपाउंडर म्हणाले, डबा माझ्याबरोबर द्या. ताईंनी साफ नकार दिला. मग ते म्हणाले, मी कल्याणहून फ्लॉप्या घेऊन उद्या सकाळी येतो, तोवर याला पेजेवरच ठेवा, बंद करू नका, कुणाला हात लावू देऊ नका. दारात चपला घालताना त्यांनी मला हाक मारली.

"तुझ्यावर सोडून जातो गो बाय."

दुपारी चारला कल्याणचा इंजिनीयर आला. ताईंनीच फोन केला होता. त्यानं हात धुतले नाहीत. चारी कोपरे पाहिले, यादी पाहिली, म्हणाला, व्हायरसनं डेटा खाल्लाय, करप्ट आहे सगळं, फॉर्मॅट मारावं लागेल. ताई खुर्चीत बसून होत्या, त्यांच्यात काही राहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "काय करायचं ते करा." त्यानं माझ्याकडे पाहून विचारलं, "मॅडम, यातलं काही ठेवायचंय?"

नावं जागेवर आहेत, नुसती वाचता येत नाहीत. एवढं एक वाक्य मला म्हणायचं होतं, तेही माझं नाही, दुसऱ्यानं तयार करून दिलेलं. मी म्हटलं नाही. का, ते मला चांगलं माहीत आहे आणि मी ते आता लपवणार नाही. फॉर्मॅट झालं की माझी खूणही कायमची जाणार होती.

"नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपाउंडर फ्लॉप्यांचा नवा कोरा खोका घेऊन आले. मशीन सुरू होतं. ढग येऊन गेले होते आणि हिरवट पडद्यावर तीन-चार चित्रं होती, नव्या घरासारखी. ते हात धुवायला गेले नाहीत. उभ्यानंच त्यांनी एक-दोन ठिकाणी उघडून पाहिलं आणि खाली बसले. ताई त्यांना नको नको ते बोलल्या. सुईवाला म्हणाल्या, अडाणी म्हणाल्या. मुरबाडच्या दवाखान्यातल्या त्या पोराची गोष्ट ताईंना माहीत नव्हती, पण तो शब्द लागायचा तिथंच लागला. कंपाउंडरांनी आमच्या मशीनचा केसपेपर काढला आणि त्याचा वरचा उजवा कोपरा फाडला. पेशंट गेला की डॉक्टर असा कोपरा फाडायचे, सुतकाच्या पत्राचा फाडतात तसा. मग घोंगडीची घडी घालून ते निघून गेले. फ्लॉप्यांचा खोका टेबलावरच राहिला.

साहेब आले. ताईंनी घडलं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नावं नाहीत, तर मी काय लिहू?" गाडी दुसऱ्या कुठल्या तरी भागात गेली. ताईंनी कार्यकर्त्यांना पुन्हा वह्या दिल्या, पण मागची तीन वर्षं त्यात कुठून यायची? वर्षभरात संस्था गुंडाळली. कंपाउंडरनं मुलांची यादी खाल्ली, हे तालुकाभर झालं. लोकांना एवढं पुरतं. त्यांच्याकडे मशीन घेऊन जाणारा माणूस चारचौघात मूर्ख ठरू लागला आणि दोन पावसाळ्यांत त्यांचा गाळा बंद झाला. हे सगळं मला कळत होतं. मी तेव्हा वाशिंदला नांदायला गेले होते. माझ्या माहेरच्यांनी कॉम्प्युटरचे सव्वीस गुण मानले आणि लग्न झालं. नवरा बरा आहे. त्याच्या सीडीनं काय केलं ते मी त्याला सांगितलेलं नाही.

कंपाउंडर गेल्याचं मला फार उशिरा कळलं, त्या दिवाळीनंतर सहा-सात वर्षांनी. मुरबाडला एका लग्नात कुणीतरी सहज बोललं. मी जेवणाच्या पंगतीतून उठले आणि त्यांचं घर विचारत गेले. एवढ्या वर्षांत दहादा ठरवूनही जे पाय निघाले नव्हते, ते माणूस गेल्यावर निघाले. माझी हिंमत ही अशी.

त्यांची बायको ओट्यावर वाल सोलत बसली होती. मी कोण ते सांगितलं. शहापूरच्या संस्थेत होते म्हटल्यावर तिनं वालाची सालं पदरातून झटकली, आत गेली आणि म्हशाच्या जत्रेतल्या त्या काळ्या घोंगडीत बांधलेलं एक गाठोडं आणून माझ्यापुढं ठेवलं.

"तुमच्याच हाफिसचं हाय. न्या. गाला बंद जाल्यावर दर आयतवारी जायाचे. यस्टी जाती तिथवर यस्टीनं, म्होरं पायी. मी म्हनायची, लोकं हसत्यात. तर म्हनायचे, माज्या हातून गेली, मीच गोला करनार." तिनं गाठोड्याची गाठ माझ्याकडे वळवली. "दोनदा वर साह्यबाकडं नेली ही कागदं. साह्यब बदललेला. घेतली नाय कुनी."

मी गाठ सोडली. केसपेपर होते. सगळे दवाखान्यातले, जुने, पिवळे पडलेले, आणि एकूण एक कागदाचा वरचा उजवा कोपरा फाडलेला. नाव. आईचं नाव. पाडा. काही ठिकाणी नावाच्या जागी 'बाळ'. तक्रार : ताप, हगवण, सूज, दूध नाही. आणि मग तो रकाना. त्यांनी एकेका आईपुढं बसून तोच प्रश्न विचारला होता आणि तिच्याच शब्दांत उत्तर लिहिलं होतं, स्वच्छ, पेनानं. शेवटचं काय दिलं? भाताची पेज. नाचणीचं पाणी. भगताची राख. साखरपाणी. पेज. पेज. काय नाय. पेजेचं पाणी, दोन चमचे, घेतलं नाय. काय नाय. काय नाय.

सगळ्यात तळाशी एक कागद वेगळा होता. गाव शहापूर, तक्रार 'सुरू होत नाय'. आमच्या मशीनचा. त्याचाही कोपरा फाटलेला. आणि रकान्यात माझं उत्तर होतं. काय नाय. गाठोड्यातल्या सगळ्या कागदांत तेवढं एकच पेन्सिलीनं लिहिलेलं होतं.

त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. माझ्या तोंडाकडे न बघता त्यांनी ते ओळखलं होतं, तरी माझ्या शब्दावर काम केलं होतं, कारण तिसऱ्यांदा विचारल्यावर माणसाच्या शब्दापलीकडे जायचं कुठं? ताईंपुढं त्यांनी माझं नाव घेतलं नाही. तालुक्यापुढं घेतलं नाही. आणि पेन्सिल खोडता येते, म्हणून ती जागा तशीच ठेवून दिली. मला मोठ्यानं रडू आलं. त्यांची बायको गोंधळली, पाणी आणायला उठली. मी तिला बसवलं.

पर्समधून पेन काढलं. खोडरबर नव्हता, म्हणून पेन्सिलीच्या अक्षरांवर एक रेघ मारली आणि खाली लिहिलं : पत्रिका जुळवायची सीडी. मी घातली. मी पुसली. तिन्ही वेळा खोटं बोलले.

"काय लिवलंस?" तिनं विचारलं. "वाच ना. मला नाय येत वाचाया."

मी वाचलं. मग तिला समजेना म्हणून सगळं सांगितलं, पहिल्यापासून, सुईवाला या शब्दासकट.  माझं संपलं तसे तिनं पुढ्यातले वाल बाजूला सारले. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या. तिनं माझा कागद उचलून बाजूला ठेवला, घोंगडीतला उरलेला गठ्ठा दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "तुजं जालं. आता यांची वाच. कोन कोन व्हती ती, मला त्यांनी कदी सांगितलं नाय."

मी मागच्या दारी जाऊन हात धुतले. परत येऊन बसले, वरचा कागद उचलला आणि वाचायला सुरुवात केली.